तीन ओळींत सांगा

चमचा तोंडात होता. किमचीच्या रश्श्यातला, जिगेतला तोफू आतून किती कढत असतो हे सत्तेचाळीस वर्षं तेच खाऊन मला कळायला हवं होतं, पण डावा हात फोनवर, डोळेही फोनवर, आणि तोफूनं टाळू भाजली नेमक्या त्याच क्षणी मी त्या तीन ओळी वाचल्या. डोळ्यांत पाणी आलं. समोर बसलेले टीमप्रमुख सोक हसले. "प्यो ग्वाजांग, हळू खा हो. जिगे काही पळून जात नाही." मीही हसले. गार पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि पेल्याच्या काठावरून पुन्हा फोनकडे पाहिलं. ओळी तिथंच होत्या. एक, बालवाडीतल्या विषबाधेत विनाकारण बदनाम झालेल्या स्वयंपाकीण अ-बाईंनी अखेर गाव सोडलं. दोन, दोन वर्षांपूर्वीची ती सगळी बोंब एका लिंकखालच्या तीन ओळींवरून उठली होती. तीन, त्या ओळी कुणी लिहिल्या ते आजवर कुणालाच माहीत नाही. वर निळ्या अक्षरांत लिंक. ती मी उघडली नाही. उघडायची गरजच काय होती? त्या ओळी कुणी लिहिल्या ते मला माहीत होतं. मीच लिहिल्या होत्या.

आमचा 'विहीरकाठ' म्हणजे काही मोठी जागा नव्हे. लाखो माणसं एका वेळी भांडतात अशी इंटरनेटवरची प्रचंड समाजस्थळं देशात पाच-सहा आहेत; विहीरकाठावर सगळे मिळून तीनेक हजार, त्यात रोज फिरकणारे दीडशे. कुणी काही चांगलं वाचलं, पाहिलं, की त्याची लिंक आणून ठेवायची आणि मग तिच्याभोवती बसून गप्पा हाणायच्या. ऑक्टोपसला तीन हृदयं कशाला, हान नदीतला बर्फ कापून विकणाऱ्यांची पोरं पुढं काय करू लागली, कुणाच्या तरी आजोबांनी काढलेले आगगाड्यांचे फोटो. नियम एकच. लिंक आणली की खाली तीन ओळींत आत काय आहे ते लिहायचं. सुरुवातीला ही सोय ऑफिसात चोरून वाचणाऱ्यांसाठी होती, म्हणजे साहेब मागून आला तर पंचाईत नको. पण पुढं पुढं लिंक उघडायची तसदीच कुणी घेईना. तीन ओळी वाचायच्या आणि तोंड उघडायचं. कुणी चुकून लांब काही लिहिलं की खाली लगेच कुणीतरी टपकायचं: "लांब आहे. तीन ओळींत सांगा." आणि तीन ओळी लिहाव्यात तर त्या खरवडनं, असा माझा तिथं लौकिक होता. खरवड म्हणजे मी. भाताच्या पातेल्याच्या तळाला धरते ती नुरुंगजी मला लहानपणापासून जीव की प्राण, म्हणून मी ते नाव घेतलं होतं. लोकांना वाटायचं, मी प्रत्येक लिंकचा तळ खरवडून आणते म्हणून ते नाव. मीही कधी कुणाचा गैरसमज दूर केला नाही. "खरवड-निमच्या तीन ओळी वाचल्या, आता मूळ कशाला वाचायचं," असं कुणी लिहिलं की दिवसभर पायात बळ यायचं. नावापुढं मानाचं निम लावलं की वय, हुद्दा, नवरा आहे का सोडून गेला, सगळं झाकलं जातं. घरी मी दाओनची आई, ऑफिसात भाताच्या कुकरच्या माहितीपुस्तिका लिहिणारी प्यो ह्येरान, हुद्द्यानं ग्वाजांग. आणि माहितीपुस्तिका कोण वाचतं? शेवटच्या पानावर मी लिहिते, वाफेच्या झडपेपाशी तोंड नेऊ नका, आणि लोक तोंड नेतात. विहीरकाठावर मात्र माझं लिहिलेलं वाचत होते.

माझी चूक काय ती सरळच सांगते, उगाच गोल गोल नको. त्या दिवशी मी बसच्या थांब्यावर उभी होते. मार्च महिना, पिवळी धूळ उडत होती, तोंडाला मास्क. फोनवर एका प्रादेशिक वर्तमानपत्राचा लेख आला. दक्षिणेकडच्या एका छोट्या शहरात बालवाडीतली अकरा पोरं एकाच दुपारी आडवी झाली, असं सुरू होत होतं. आदल्या दिवशीचं उरलेलं पुन्हा वाढलं जायचं असं पालक म्हणतात. वर एक फोटो, चेहरा धूसर केलेला, खाली बारीक अक्षरांत: बालवाडीत आधी स्वयंपाक करणाऱ्या, आता बाजारात बानचानचं, म्हणजे तोंडीलावण्यांचं, दुकान चालवणाऱ्या अ-बाई. आमच्या वर्तमानपत्रांत आरोपीचं नाव देत नाहीत, अ म्हणतात, ब म्हणतात. एवढं वाचून झालं आणि खाली 'पुढे वाचा' असं बटण आलं, आणि नेमकी त्याच वेळी माझी हिरवी बस आली. मी बसमध्ये चढले. एका हातानं कडी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ओळी. एक, बालवाडीतली अकरा पोरं एका दमात आजारी. दोन, स्वयंपाकीण अ-बाई कालचं उरलेलं आज वाढायची. तीन, बाई अजून त्याच गावात आहे, बाजारात खुशाल बानचान विकतेय. 'खुशाल' हा शब्द माझा. लेखात तो नव्हता. तो शब्द घालताना मला किती बरं वाटलं होतं ते आजही अंगठ्याला आठवतं. उतरेपर्यंत शंभर प्रतिसाद होते. ऑफिसात पोचून चपला बदलल्या तेव्हा दोनशे. आणि 'पुढे वाचा' हे बटण मी दाबलंच नाही, कारण आता वाचायला प्रतिसाद होते.

"काय हो, चेहरा का उतरला? घरून काही?" सोकसाहेब बिल द्यायला उठता उठता म्हणाले. मी म्हटलं, टाळू भाजली. बाहेर थंडी होती, चार जण हातात कॉफीचे पेले घेऊन ऑफिसकडे निघाले, मी एक पाऊल मागं. सोकसाहेब नव्या कुकरबद्दल बोलत होते, त्यातून बोलणारा आवाज कुणाचा घ्यायचा, आधीच्या बाईचा पोरगेलासा वाटतो अशी तक्रार आहे. मी "हो ना, हो ना" करत होते आणि खिशातला फोन मांडीला थरथरत होता. एक थरथर म्हणजे एक प्रतिसाद. मी मोजायला लागले आणि रस्ता ओलांडेपर्यंत नऊ झाले. लिफ्टमध्ये पाहिलं. "हे आपल्याकडचं तर नव्हे ना?" "छे, आपल्याकडे असली माणसं नाहीत." "तीन ओळी म्हणजे आपल्याचकडची चाल की हो." "शोधू या का?" आणि त्याच्याखाली एकाखाली एक, जणू वर्गात हजेरी चालू होती: "शोधू या." "शोधू या." "शोधू या." ही माणसं शोधायला बसली की काय शोधून काढतात ते मी पाहिलंय. खिडकीतल्या कुंडीवरून घर काढतात. अ-बाईंचं दुकान त्यांना दोन तासांत सापडलं होतं, आणि चौथ्या दिवशी तिच्या मुलाच्या शाळेच्या फाटकाचा फोटो कुणीतरी टाकला होता. खाली लिहिलं होतं, एवढंच ठेवतो, पुढचं तुम्ही बघा. माझी दाओन अकरावीत आहे. तिच्याही शाळेला फाटक आहे, राखाडी रंगाचं, शेजारी टोस्टची गाडी.

जागेवर येऊन बसले. पडद्यावर पुस्तिकेचं अठ्ठाविसावं पान, झडप साफ करण्याच्या सूचना. मी तेच वाक्य चारदा पुसून चारदा लिहिलं. आधी वाटलं, कुणाला सापडणार नाही. कारण मी तो धागा, म्हणजे लिंक, ओळी, खालचे प्रतिसाद, सगळं पुसलं होतं, आणि रोजच्या ढीगभर लिंकांत कुठल्या ओळी कुणाच्या हे दोन वर्षांनी कुणाला आठवतं? ओळी टाकल्यावर तीन आठवड्यांनी एका रविवारी दाओनसाठी अंडी उकडायला ठेवली होती, आणि काय मनात आलं कोण जाणे, ती जुनी लिंक उघडली आणि 'पुढे वाचा' दाबलं. लेख बराच लांब होता. अंडी फुटून पांढरं वर आलं तरी मी वाचत होते. दूध आणि मासे पोचवणाऱ्या गाडीचं शीतयंत्र बंद होतं. अ-बाईंनी त्या दिवशीचा माल परत पाठवला होता, वहीत तसं लिहून सही घेतली होती. संचालिकेनं तो परस्पर पुन्हा आत घेऊन शिजवायला लावला. चौकशीत बाई सुटली होती. ती सुटली हेच सांगायला तो लेख लिहिला होता. पालक काय काय म्हणत होते ते वर, आणि खरं काय ते खाली. मी वरचं उचललं होतं. त्या रात्री नाही, त्याच दुपारी मी विहीरकाठावर जाऊन लिहिलं, "हा धागा थोड्या वेळानं फट्." लिहिलेलं पुसायच्या आधी असं सांगायची आमच्याकडे रीत आहे, फुगा फुटतो तसं फट्. कुणी कारण विचारत नाही. कुणी विचारलंही नाही. मी पुसलं आणि वाटलं, चला, सुटले. पण पुसलं म्हणजे खरं सांगायची जागाच पुसली, हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही. की शिरलं होतं? मोठमोठ्या समाजस्थळांवर त्या ओळी माझ्याविना हिंडत होत्या, आणि 'खुशाल' हा शब्द तर लोकांच्या तोंडीच बसला होता. खुशालबाई म्हणायचे तिला.

अडीच वाजता मी जिन्यात गेले आणि छत्री-ऑन्नीला फोन लावला. छत्री म्हणजे ताक मिओक, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी म्हणून ऑन्नी, म्हणजे ताई, विहीरकाठावरची माझी एकुलती एक खरी मैत्रीण. वर्षातून दोनदा आमचं प्रत्यक्ष भेटणं असतं, पंधरा-वीस जण, मुगाची धिरडी आणि तांदळाची दारू, माकगल्ली. तशाच एका भेटीत, माकगल्लीचा तिसरा वाडगा पोटात गेल्यावर मी तिच्या कानात सगळं ओतलं होतं. जगात माझ्याखेरीज ठाऊक होतं ते तिलाच.

"पाहिलंस?" मी म्हटलं.

"पाहिलं. आणि मी कशाला कुणाला सांगू?"

मी विचारलंच नव्हतं. जिना गार होता, भिंतीला टेकले तर पाठीतून थंडी आत गेली.

"ऑन्नी, मी तसं म्हटलं का?"

"नाही म्हटलंस, पण मनात आलं असेल. हे बघ ह्येरान, गप्प बस. अगदी तोंडाला कुलूप. दोन दिवस आरडाओरडा करतील, मग कुणीतरी मांजराची लिंक आणेल आणि विसरतील. आपली माणसं आहेत, मी ओळखत नाही?"

"आणि सापडलं तर?"

"कुठून सापडणार? पुसलंयस ना?" ती थांबली. मागे तिच्या दुकानात शिवणयंत्र चालू होतं ते थांबलं. "आणि हे बघ, उद्या काही झालंच तर मला मधे ओढू नकोस गं. माझ्या सुनेचे आईबाप पण वाचतात तिथं."

मी बरं म्हटलं. मला तिचा राग आला नाही, खरं सांगते. तिच्या जागी मी असते तर मीही आधी सुनेचाच विचार केला असता. पण फोन ठेवल्यावर जागेवर जाववेना. भीतीसुद्धा काय विचित्र असते. चोराची, भुताची, दुखण्याची भीती मला ठाऊक आहे, ती समोरून येते. ही चारी बाजूंनी येत होती, आणि तिचे डोळे माझ्यासारखेच फोनला लागलेले होते. जिन्यावरून सामानखात्यातली मुलगी उतरत गेली, तिच्या हातात फोन, ती हसली. का हसली? माझ्याकडे बघून हसली की फोनमध्ये बघून?

तीन वाजता सापडलं. मी नव्हे. कुणीतरी मोठ्या समाजस्थळावर फिरलेल्या नकलेचा फोटो जपून ठेवलेला होता, तो आणून ठेवला. माझ्या तीन ओळी, जशाच्या तशा. खाली लिहिलेलं: विहीरकाठावरून आणलं. इथून तिथं नेणाऱ्याचं नाव, ओले मोजे. ओले मोजे आमच्यातलेच, अकरा वर्षांपासूनचे जुने. कुठल्याशा माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. गेल्या डिसेंबरच्या भेटीत ते माझ्या शेजारी बसले होते आणि एक शब्द न बोलता संत्री सोलत होते, प्रत्येक फोडीवरचा पांढरा दोरा काढून, आणि ती सोललेली संत्री टेबलावर सरकवत होते, ज्याला हवं त्यानं घ्यावं. चार तरी मी खाल्ली असतील. आता त्यांच्या नावाखाली जे काही चालू झालं ते मी वाचत होते आणि माझ्या छातीतली धडधड, देवाशप्पथ सांगते, कमी होत होती. लाज वाटते सांगायला, पण झालं तसं. श्वास मोकळा झाला. मी उठून कॉफीसुद्धा ओतून घेतली. "मास्तर आहे म्हणे, असली माणसं पोरांना शिकवणार." "मी फक्त उचलून नेलं होतं, ओळी माझ्या नाहीत," असं त्यांनी लिहिलं. "मग कुणाच्या?" "आठवत नाही." "आठवत नाही म्हणे! खुशाल सांगतोय बघा." ख ख ख, ख ख ख. हसायचं असलं की आम्ही तसं लिहितो. पाव तासात त्यांच्या शाळेचं नाव आलं. मग शाळेचा फोन नंबर.

त्यांना आठवत होतं. एक तर असे विसरणाऱ्यांतले ते नव्हेत, आणि दुसरं म्हणजे चार वाजून दहा मिनिटांनी त्यांचा खाजगी निरोप आला. "खरवड-निम, घाबरू नका. मी नाव घेणार नाही. उचलून नेलं ही माझी चूक आहेच, मीही लिंक उघडली नव्हती. शाळेत फोन सुरू झालेत, मुख्याध्यापकांनी बोलावलंय, तेव्हा थोडे दिवस इथं दिसणार नाही. थंडी वाढलीय, जपा." मी तो निरोप वाचला आणि कॉफी तशीच टेबलावर ठेवली. जपा म्हणे. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर त्या मी झेलल्या असत्या, उलटून चार दिल्याही असत्या. 'जपा' या शब्दाचं काय करायचं? मी इकडे तिकडे पाहिलं. सोकसाहेब फोनवर कुणाला तरी खडसावत होते. मी वही उचलली, कामाला चालल्यासारखा चेहरा केला आणि चाचणीखोलीत गेले.

चाचणीखोलीत कुणी बसत नाही. भिंतीला धरून बारा कुकर दिवसभर भात शिजवतात, तो कुणी खात नाही, वजन करून टाकून देतात. खोलीत कायम वाफ, कायम भाताचा वास, लहानपणी आजारी पडल्यावर यायचा तसा. आणि ते बोलतात. एकेकाचा भात झाला की बाईच्या आवाजात सांगतो, "भात तयार आहे. छान हलवून घ्या." मी मधल्या स्टुलावर बसले आणि ती लिंक उघडली. दुपारपासून चार तास मीही सगळ्यांसारखी तीन ओळींवरच घाबरत बसले होते. पहिला भाग संपला, 'पुढे वाचा' आलं. अंगठा त्यावर ठेवला आणि किती वेळ ठेवला कोण जाणे. दाबलं.

अ-बाईंचं दुकान गेलं होतं. घराच्या फाटकावर कुणी नासलेली किमची फेकायचं, ती रोज सकाळी धुवायची, मग एका सकाळी धुतली नाही. मुलगा शाळा सोडून लांबच्या बोटीच्या कारखान्यात लागला होता. आता ती दुसऱ्या कुठल्यातरी शहरात, नाव दिलेलं नव्हतं, इस्पितळाच्या खानावळीत भांडी घासते. स्वयंपाकाला हात लावत नाही, घरीसुद्धा नाही. मुलगा सुट्टीत आला तर बाहेरून मागवते. मला कुणाचा राग नाही असलं काही ती म्हणत नव्हती. राग आहे, ती म्हणाली होती. आणि अगदी तळाशी, छायाचित्रकाराच्या नावाच्या वर, एक परिच्छेद होता. तिनं सांगितलं होतं की सगळं सुरू झालं त्याच सकाळी तिथं वाचणाऱ्या भाच्यानं तिला ते मूळ पान दाखवलं. तिला वाटलं, समजावून सांगावं. भाच्याकडून तिथं खातं काढून घेतलं, आणि एकच वाक्य लिहिलं, कारण तिला फोनवर पटपट लिहिता येत नव्हतं. "शेवटपर्यंत वाचा हो." खाली लोक हसले. "मी वाट पाहिली," ती म्हणाली होती, "कुणीतरी वाचेल म्हणून. बत्तीस जण हसले, मी मोजले."

मला ते वाक्य आठवलं. अगदी स्पष्ट आठवलं. दोनशेव्या प्रतिसादाच्या आसपास एक कोरं नवं नाव, नुसते आकडे, आणि ते वाक्य. मी चपला बदलत होते. मला वाटलं, आली कुणीतरी शहाणी शिकवायला. तिच्याखाली पहिलं 'ख ख ख' माझं होतं. बत्तिसातलं पहिलं.

"भात तयार आहे," डावीकडचा तिसरा कुकर म्हणाला. "छान हलवून घ्या."

मग मी लिहायला घेतलं. शूरपणा बिरपणा काही नव्हता, उगाच कुणी तसं समजू नये. लिहिलेलं दोनदा पुसून टाकलं, एकदा तर फोन उलटा करून स्टुलाखाली ठेवला आणि हात मांडीखाली दाबून बसले. दाओनला निरोप पाठवला, जेवलीस का. तिनं लिहिलं, "रामेन खाल्लं आई, अंडं घालून." ते अंडं वाचून मला रडू आलं. तिला काय सांगणार होते मी? उद्या कुणी फाटकाशी उभं राहिलं तर घाबरू नकोस? मी गप्प बसले तर ओले मोजेंची नोकरी जाणार होती, आणि त्यांनी तोंड उघडलं नसतं, मरेपर्यंत नसतं, ते तसेच आहेत. एक बाई माझ्यापायी आयुष्यातून उठली होती. आता हा माणूस डोळ्यांसमोर उठत होता, आणि या वेळी मी बसच्या थांब्यावर नव्हते. तीन ओळींत लिहून पाहिलं आधी, सवय! एक, त्या ओळी माझ्या. दोन, मी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. तीन, ओले मोजेंना सोडा. पण ते खोटं वाटलं. खोटं नव्हतं, तरी वाटलं. तीन ओळींनीच तर घात केला होता. म्हणून सगळं लिहिलं, पहिल्यापासून. थांबा, पिवळी धूळ, 'पुढे वाचा' बटण, 'खुशाल' हा शब्द कुठून आला ते, उकडलेली अंडी, फट्. अ-बाईंनी परत पाठवलेला माल आणि वहीतली सही. मी काय काम करते तेही लिहिलं, की मी पुस्तिका लिहिते आणि लोकांनी शेवटचं पान वाचावं म्हणून जीव टाकते, आणि मीच. मला अकरावीतली मुलगी आहे, म्हणून गप्प बसावंसं वाटत होतं, हेही लिहिलं. ओले मोजेंनी माझं नाव का घेतलं नाही ते मला ठाऊक नाही, पण ते चांगले आहेत, संत्री सोलून देतात, असं लिहिलं. बत्तिसातलं पहिलं हसू माझं होतं, हे सगळ्यात शेवटी लिहिलं, कारण ते लिहायला सगळ्यात जड गेलं. छत्री-ऑन्नीचं नाव कुठंही येऊ दिलं नाही. पाऊण तास लागला. सहाला दहा कमी असताना डोळे मिटले आणि पाठवलं.

पहिली दोन मिनिटं काहीच नाही. कुकर शिजत होते. मला वाटलं, वाचताहेत. लांब आहे, वेळ लागणार. मी माझं लिहिलेलं मनातल्या मनात त्यांच्याबरोबर वाचत होते, आता थांब्यापाशी आले असतील, आता अंडी, आता वहीतल्या सहीपाशी. कुणीतरी म्हणेल, खरवड-निम, तुम्ही असं करायला नको होतं. म्हणू देत. ओले मोजेंची माफी मागा म्हणेल, मी शाळेत जाऊन मागेन. मग फोन थरथरला.

"लांब आहे. कुणीतरी तीन ओळींत सांगा."

आणि लगेच, अर्धं मिनिटसुद्धा झालं नसेल, दुसऱ्या कुणी सांगितलं. एक, खरवड आणि ओले मोजे दोघंही यात सामील होते. दोन, तो तिला पाठीशी घालत होता, दोघांचं काय आहे ते समजून घ्या. तीन, बाई कुकरच्या कंपनीत पुस्तिका लिहिते, मुलगी अकरावीत, अजून खुशाल कामावर जातेय.

तिसरी ओळ मी पुन्हा वाचली. घडण ओळखीची होती. कामाची जागा, पोर, आणि 'खुशाल'. तिच्याखाली प्रतिसाद चढायला लागले. "कुकरच्या कंपन्या आहेतच किती." "चारच." "मला वाटतं कुठली ते मला माहितीये." मी भराभर लिहायला लागले, नाही हो, तसं नाही, मी वर लिहिलंय, ओले मोजेंचा यात, पण माझी अक्षरं पुरी व्हायच्या आत चार नवे प्रतिसाद यायचे आणि माझं अर्धं वाक्य शिळं व्हायचं. लांबलचक काही लिहायला वेळच नव्हता, लिहिलं तरी कोण वाचणार होतं. सगळं पुसलं. मग जेवढं लिहिता आलं तेवढं लिहिलं.

"शेवटपर्यंत वाचा हो."

उजव्या भिंतीकडचे दोन कुकर एकदम बोलले, भात तयार आहे, आणि बाहेर सोकसाहेब विचारत होते, प्यो ग्वाजांग आत आहेत का, त्यांच्यासाठी फोन आलाय, कोण ते नाव सांगत नाहीत. मी फोनकडेच पाहत राहिले. माझ्या वाक्याखाली कुणीतरी लिहीत होतं. ते आलं.

"ख ख ख."

मी मोजलं. एक.